गादीच्या आत काय आहे, ते बिलावर लिहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दसरा जवळ आला की पेपरात गाद्यांच्या जाहिराती सुरू होतात. दोन उश्या मोफत, जुनी गादी आणून द्या नवी घेऊन जा, दहा वर्षांची वॉरंटी. दोन वर्षांपूर्वी अशीच एक जाहिरात कापून, खिशात घालून मी दुकानात गेलो होतो. यंदा त्या जाहिराती यायच्या आधी माझं हे पत्र छापून यावं, एवढ्यासाठी लिहायला बसलो आहे. पत्र थोडं लांबेल. विषय घरोघरचा आहे, म्हणून जागा द्यावी ही विनंती.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. एकतीस वर्षं जॉबर म्हणून काम केलं. आधी साखर पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात, नंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या मागांवर. सोलापूरकरांना जॉबर म्हणजे कोण हे सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : माग अडला, धोटा उडाला, जकार्डची दोरी तुटली की ज्याला हाक मारतात तो जॉबर.

आपल्या गावात कापडाची पारख वजनावर होते. जुनं गिऱ्हाईक चादरीची घडी उलगडायच्या आधी ती तळहातावर तोलून बघतं. नक्षी नंतर. टॉवेलचं तर त्याहून कडक. बाहेरदेशी जाणारा माल तपासायला माणूस आला की तो गोल कटरनं टॉवेलचा शंभर चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापतो, छोट्या काट्यावर ठेवतो, जितके ग्रॅम भरतील त्याला शंभरानं गुणतो आणि जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, सांगतो. पाचशेचा म्हणून लावलेला माल चारशे साठ भरला तर अख्खा लॉट परत येतो. असे लॉट परत आलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत आणि त्या रात्री मालकापासून कांड्या भरणाऱ्या बाईपर्यंत कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण त्या शिस्तीमुळेच सोलापूरच्या टॉवेलला नाव मिळालं.

अशा गावात राहून मी गादी मात्र आंधळेपणानं घेतली, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ती गादी माझ्यासाठी नव्हती, बायकोसाठी होती. तिनं बत्तीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, मान खाली, पाठीचा कणा वाकलेला, आणि हजार विड्या झाल्याशिवाय उठायचं नाही. मुलांची शिक्षणं त्या सुपावर झाली. पन्नाशी ओलांडली तशी तिची कंबर धरू लागली. सकाळी अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग भिंतीला हात लावायचा, मग उभं राहायचं, असं चालू झालं. घरातली जुनी कापसाची गादी दबून पोळीसारखी झाली होती. मुलगा म्हणाला, आता चांगली फोमची घेऊ या.

दुकानात आम्हाला सहा इंची गादी दाखवली. वर मखमलीसारखं कापड, त्यावर डायमंडची शिलाई, कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत 'ऑर्थोपेडिक'. विकणारा मुलगा तळहातानं दाबून म्हणाला, "काका, चाळीस डेन्सिटीचा माल आहे. बघा, हात काढला की लगेच वर येतो." मी पण दाबली. वर आली. साडेनऊ हजार मोजले आणि टेम्पोत घालून घरी आणली. बिलावर लिहिलं होतं : गादी, ७२ बाय ६० बाय ६, एक नग. बस, एवढंच.

पंधरा महिन्यांत, म्हणजे यंदा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला, बायकोच्या बाजूला खड्डा पडला. मी गादीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरा ताणून धरला आणि मधे पट्टी लावली. सव्वा इंच. दुकानदारानं कंपनीकडे बोट दाखवलं. कंपनीचा माणूस तीन फोननंतर आला. त्यानंही पट्टी लावली, त्यालाही सव्वा इंचच दिसला, आणि त्यानं वॉरंटी कार्डावरची बारीक ओळ दाखवली : दीड इंचापेक्षा जास्त खड्डा असेल तरच बदलून मिळेल. तोही गादीवर कुणी झोपलेलं नसताना मोजलेला! बायको त्यावर झोपली की तिची कंबर किती खाली जाते, ते मोजायची सोय त्या कार्डात नव्हती.

त्या रविवारी मी खोळीची शिलाई उसवली.

वरच्या मखमली कापडाला चिकटलेला अर्धा इंचाचा मऊ फोम. त्याखाली चार इंचांचा पिवळट फोमचा एकच थर. सगळ्यात खाली इंचभर रंगीबेरंगी चुऱ्याचा दाबून बसवलेला थर, ज्याला धंद्यात बॉन्डेड म्हणतात. सगळं मिळून साडेपाच इंच. तो मधला चार इंची थर मी बोटांनी चिमटीत धरला तर दोन्ही बोटं एकमेकांना लागली. इतकी वर्षं सूत चिमटीत धरणाऱ्या माणसाला तिथंच कळायला हवं ते कळलं. तरी खात्री करावी म्हणून टॉवेलवाल्यांची रीत वापरली.

ही रीत मला वाचकांना नीट सांगायची आहे, कारण ती कुणालाही जमेल. फोमची घनता, म्हणजे दुकानदार ज्याला डेन्सिटी म्हणतात ती, म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. चाळीस डेन्सिटी म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा ठोकळा चाळीस किलो भरला पाहिजे. एवढा ठोकळा घरात कोण तोलणार? पण दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच तुकडा कापला तर तो घनमीटरचा बरोबर हजारावा भाग होतो. म्हणजे तो जितके ग्रॅम भरेल, तितकीच त्या फोमची डेन्सिटी. गुणाकार नाही, भागाकार नाही. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर आणि वर जरासं, त्यामुळे माझं काम सोपं झालं. धारदार सुरीनं तुकडा कापला आणि ओळखीच्या कारखान्यातल्या जीएसएमच्या काट्यावर ठेवला.

अठरा ग्रॅम.

चाळीस सांगून अठरा. टॉवेलच्या धंद्यात असा माल कुणी पाठवायची हिंमत केली नसती.

इथं एक गोष्ट साफ करतो, नाहीतर गैरसमज होईल. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. चांगल्या घनतेचा फोम मऊही असतो आणि हलका फोम सुरुवातीला टणकही लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर जाड सुताची चादर विरळ विणली तर दुकानात भरदार दिसते, चार धुण्यांत तिची जाळी होते. घनता सांगते ती टिकाऊपणाची गोष्ट : रोज रात्री साठ-सत्तर किलोचं वजन झेलून तो फोम किती वर्षं उभा राहील. दुकानात तळहातानं दाबून हे कळायला मार्गच नाही. नवा फोम कुठलाही असो, हात काढला की वरच येतो.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन लावला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी समजावलं ते असं : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्कच आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस कुठंही असो. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी पण नाही. हे सगळं ऐकून मला धीर आला. मग त्यांनी बिल मागितलं. बिल बघितलं आणि विचारलं, "चाळीस डेन्सिटी असं कुठं लिहिलंय?" कुठंच नव्हतं. गादीवर नाही, बिलावर नाही, वॉरंटी कार्डावर नाही. जे सांगितलं ते तोंडी सांगितलं होतं. साडेनऊ हजारांपेक्षा मला हे जास्त लागलं. ज्याच्यासाठी पैसे मोजले त्याचा एक शब्दसुद्धा कागदावर घेतला नव्हता.

घरगुती गादीच्या फोमसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ७९३३ हे मानक आहे, हेही मला वकिलांकडूनच कळलं. तेव्हापासून मी जिथं जाईन तिथं विचारतो. पाच दुकानांपैकी चार ठिकाणी हा आकडा कुणी ऐकलेलाच नव्हता.

आता कंबरेबद्दल. पहिली गादी फसल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी एकच सल्ला दिला : फरशीवर सतरंजी टाकून झोपवा, कंबर सरळ होईल. आमच्याकडे हा समज पक्का आहे. बायको आठ दिवस तशी झोपली आणि नवव्या दिवशी तिला उठवायला दोघं लागले. माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे. ती माझ्यावर चिडलीच. "मामा, मामींना शिक्षा देताय का?" तिनं सांगितलं की २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीचे ३१३ लोक, काहींना कडक गादी, काहींना मध्यम कडक. नव्वद दिवसांनी मध्यम कडक गादीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला होता. म्हणजे दगडासारखी नको आणि बुडणारीही नको. 'ऑर्थोपेडिक' या शब्दाबद्दल ती म्हणाली, तो गादीवर छापला म्हणून कुण्या हाडाच्या डॉक्टरांनी ती तपासली असा अर्थ होत नाही.

तिनं बायकोला एक खूण शिकवली. गादीवर उताणं झोपायचं आणि कंबरेच्या पोकळीत आपला हात सरकवायचा. हात सैलपणे आरपार गेला तर गादी जास्त कडक. शिरलाच नाही, किंवा शिरून अडकला, तर जास्त मऊ. थोडा घासत गेला तर बरोबर. मग कुशीवर झोपून दुसऱ्यानं मागून बघायचं, मानेपासून माकडहाडापर्यंत कणा सरळ दिसतो का. आणि हे दोन मिनिटांत नाही, निदान पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं. अंग सैल व्हायलाच तेवढा वेळ लागतो.

या मार्चमध्ये आम्ही दोघं पुन्हा निघालो. पलंग सुतारानं बनवलेला, त्यामुळे आधी तो आतून चार ठिकाणी मापला. पहिली गादी एका अंगाला अडकून वर उचललेली राहायची, कारण मी बाहेरून माप घेतलं होतं. पहिल्या दोन दुकानांत बायकोला झोपू द्यायलाच तयार नव्हते. साडी नेसलेली, वय झालेली बाई चारचौघांत गादीवर कशी आडवी होणार, तिलाही संकोच. मी तिला म्हटलं, रोज रात्री आठ तास जिच्यावर झोपायचं, तिच्यावर आज वीस मिनिटं झोपायला कसली लाज? तिसऱ्या ठिकाणी मेमरी फोम दाखवला. तो नासासाठी शोधला हे विकणाऱ्यानं सांगितलं, आणि ते खरं आहे. १९६६ च्या सुमाराला विमानाच्या सीटसाठी तो बनवला गेला. पण तो फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो, हाच त्याचा गुण. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, रात्री पत्र्याच्या घरात भिंती तापलेल्या असतात. तिथं तो अंगाला वेढून बसतो आणि पाठ घामानं भिजते. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी घ्यावा. आमच्याकडे पंखा आहे.

चौथं दुकान लहान होतं. मालकांनी काउंटरखालून कापलेले नमुने काढले, आमच्या टॉवेलच्या सॅम्पलसारखे, प्रत्येकावर पेननं आकडा. काथ्याचा थर दाखवला. नारळाच्या सोडणाचे धागे रबराच्या चिकात बसवलेले, हातात धरून उजेडाकडे केला तर आरपार दिसत होतं. म्हणाले, "वारा जातो यातून, आपल्या गावाला हेच बरं. पण प्लॅस्टिक काढून वापरा, नाहीतर आत दमट होतं. आणि पलंगाच्या प्लायवूडला भोकं पाडून घ्या." बायको झोपली. मालकांच्या पत्नी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि तिच्याशेजारी खुर्ची घेऊन बसल्या, त्यामुळे तिचा संकोच गेला. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "अहो, यावर कूस बदलताना जोर लावावा लागत नाही." मी तेवढ्यावर सौदा पक्का केला. खाली चार इंच रबराइज्ड काथ्या, वर एक इंच फोम, खोळीला चेन, आत हात घालून बघता येतं. किंमत अकरा हजार आठशे. मी म्हटलं, हे सगळं बिलावर लिहा. त्यांनी थरांची जाडी आणि फोमची घनता चाळीस असं स्वतःच्या हातानं लिहून, सही करून दिलं. त्याच फोमच्या लादीतून एक तुकडाही कापून दिला. तो इंचभरच जाड, म्हणून घरी दहा सेंटिमीटरच्या चार चकत्या कापून एकावर एक ठेवल्या. काट्यावर एकोणचाळीस ग्रॅम भरले. मला समाधान वाटलं.

माझ्या स्वतःसाठी मी नवी गादी घेतली नाही. जुनी कापसाची पिंजाऱ्याकडे नेली. ते चाचा आमच्या लग्नाच्या वेळेपासूनचे. तेव्हा ते खांद्यावर पिंजण घेऊन गल्लीत यायचे, तातीचा टणटण आवाज लांबून कळायचा. आता मोटारीची मशीन आहे. त्यांनी माझी गादी फाडली, कापसाचे गोळे मुठीत घेऊन उघडून दाखवले. "जॉबरसाहेब, ह्यात आठ किलो चांगला आहे, बाकी भुगा झालाय." भुगा बाजूला काढला, माझ्यासमोर चार किलो नवा कापूस तोलून घातला, पिंजला, पट्ट्यापट्ट्यांच्या नव्या खोळीत भरला आणि दाभणानं टाके घातले. सगळं माझ्या डोळ्यांदेखत. बारा किलोची गादी, संध्याकाळपर्यंत तयार. एप्रिलमध्ये गच्चीवर नेली, उन्हं खाऊन ती फुगते, तिला कापसाचा वास येतो. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजावी लागेल, हे मला ठाऊक आहे आणि ते कबूल आहे. पण तिच्या पोटात काय आहे, हे मला ग्रॅमपर्यंत माहीत आहे. चाचांचा मुलगा हा धंदा करणार नाही म्हणतो. गिऱ्हाईकच राहिलं नाही. पूर्व भागातल्या लोकांनी तरी जुन्या गाद्या उकिरड्यावर टाकायच्या आधी एकदा पिंजाऱ्याला दाखवाव्यात.

फोमच्या गाद्या वाईट असतात असं माझं मुळीच म्हणणं नाही. चांगला फोम दहा वर्षं सहज जात असेल. माझं म्हणणं पिंजारी आणि गादीचं दुकान यांच्यातल्या एका फरकाबद्दल आहे : तिथं आत काय जातं ते दिसतं, इथं शिलाईच्या आत सगळं झाकलेलं. मग निदान कागदावर तरी यावं. शहरातल्या गादी विक्रेत्यांना माझी हात जोडून विनंती आहे की प्रत्येक बिलावर थर किती, कशाचे, किती जाडीचे आणि फोमची घनता किती हे लिहावं. एक कापलेला नमुना आणि एक छोटा काटा काउंटरवर ठेवावा. ज्याचा माल खरा आहे त्याचं यात काहीच जात नाही. त्या चौथ्या दुकानाचं काही गेलं नाही, उलट आमच्या गल्लीतली आणखी तीन घरं तिथं जाऊन आली. वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्यानंही सणाच्या आधी एकदा गाद्यांच्या दुकानांत चक्कर टाकावी. आणि ग्राहकांनी, विशेषतः घरात म्हातारं माणूस असेल त्यांनी, बिलावर हे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपण पावशेर भाजी घेताना काट्याकडे बघतो.

उसवलेली गादी मी अजून टाकलेली नाही. अठरा ग्रॅमचा तो तुकडा आणि एकोणचाळीस ग्रॅमच्या त्या चार चकत्या, दोन्ही माझ्या घरी कपाटात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. ग्राहक संघटनेला, वैधमापनच्या अधिकाऱ्यांना किंवा कुठल्याही दुकानदाराला त्या हातात घेऊन बघायच्या असतील, तर पत्ता तुमच्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.

आपला नम्र,
एक निवृत्त जॉबर
पूर्व भाग, सोलापूर